तुमानोवांच्या घराचा हेवा

आजच्या निरोप-समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या येल्निकी वसाहत समितीचे प्रमुख आदरणीय अर्काडी ग्लेबोविच, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर लेखक आणि समीक्षक, आजच्या उत्सवमूर्ती आग्निया इग्नात्येव्ना, दुसऱ्या रांगेत अगदी कडेला, जरा आडोशालाच बसलेले वालेरी कोलेस्निक आणि त्यांच्या पत्नी झान्ना, आणि वितळत्या बर्फाचा चिखल तुडवत, गुडघ्यांच्या तक्रारी घरी ठेवून इथवर आलेल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

भाषणाची मला सवय नाही. चाळीस वर्षं मी या सभागृहामागच्या वाचनालयात बसले. तिथे बोलायचं नसतं, दुसऱ्यांना गप्प करायचं असतं. अर्काडी ग्लेबोविचनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ते स्वतः पंचवीस मिनिटं बोलले, आणि फार सुंदर बोलले. ‘रशियन साहित्याची एक पणती आज येल्निकीतून हलते आहे,’ असं ते म्हणाले. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. पण ती पणती का हलते आहे, हे कोणी बोललं नाही. मला ठाऊक आहे. म्हणून मी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणार आहे. अध्यक्षमहाराज, आधीच सांगून ठेवते, म्हणजे घड्याळाकडे बघण्याचे कष्ट वाचतील.

इग्नात तुमानोव कोण होते हे या सभागृहात सांगायची गरज नाही. त्यांची तसबीर माझ्या डोक्यावरच टांगली आहे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आठ वर्षांची होते. माझे वडील येफिम वसाहतीची भट्टी पेटवायचे. तुम्हा सगळ्यांच्या घरांत ऊब जायची ती त्यांच्या फावड्यातून. त्यांची मुलगी आग्निया माझ्याच वयाची. तिच्या अंगावर निळा कोट होता, गळ्याशी सशाच्या कातड्याची पट्टी. तो कोट मला इतका आवडला की मी दोन दिवस जेवले नाही. पुढच्या वर्षी तो तिला आखूड झाला आणि तिच्या आईने घडी घालून माझ्या आईला दिला. कोट मिळाला, पण आनंद झाला का? शाळेत मुली म्हणायच्या, “तुमानोवांचा कोट चालला बघा, आत कोण आहे कोण जाणे!”

तेव्हापासून माझं हेच चाललं. आग्नियाकडे एखादी गोष्ट असायची, ती मला हवी असायची, आणि मिळायची तेव्हा ती उतरलेली असायची. हेवा म्हणतात याला. मोठ्या घराण्यातल्या माणसांना झाला तर त्याला वेदना म्हणतात.

अठराव्या वर्षी मी टंकलेखन शिकले आणि इग्नात तुमानोवांची हस्तलिखितं टंकू लागले. तेरा वर्षं, त्यांच्या मृत्यूपर्यंत. उन्हाळ्यात दुपारी चार वाजता व्हरांड्यात चहा व्हायचा, नवं प्रकरण वाचलं जायचं. ते वेताच्या खुर्चीत, आग्निया त्यांच्या शेजारी, पाहुणे बाकांवर, आणि मी पायरीवर. पायरीवर बस असं मला कोणी सांगितलं नव्हतं. वर ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

एकदा मीही एक गोष्ट लिहिली. साल बासष्ट, वसंत ऋतू. चाळीस पानं होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याने त्यांनी परत दिली. म्हणाले, “अक्षर सुरेख आहे, तमारा. शुद्धलेखन तर माझ्याहून चांगलं. उद्या जरा लवकर ये, सातवं प्रकरण पुन्हा टंकायचं आहे.” बस्स. गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मी ती चाळीस पानं वडिलांच्या भट्टीत टाकली. वडिलांनी विचारलं, “काय होतं गं ते?” मी म्हटलं, “रद्दी.”

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. म्हातारे तुमानोव गेले. दिवस पालटले, मोठमोठी प्रकाशनगृहं बंद झाली, तुमानोवांची पुस्तकं छापायचं कोणी नाव घेईना. आग्नियाला अनुवादाची कामं मिळेनाशी झाली. रविवारी ज्या फाटकाशी चार-चार गाड्या उभ्या असायच्या, तिथे गवत वाढलं. वरच्या मजल्यावर छप्पर गळायला लागलं तेव्हा आग्निया घमेली घेऊन खोलीखोलीतून फिरायची. त्या दहा-बारा वर्षांत तिच्याकडे रोज कोण जात होतं? मी. लाकडं कोण फोडत होतं? बटाटे कोण आणत होतं? मी. दुपारी चार वाजता आम्ही दोघीच व्हरांड्यात बसायचो. मी बाकावर बसायचे. पायरी सुटली होती.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला फार जड जातं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची वर्षं होती. ती गरीब झाली, एकटी पडली, आणि मी सुखी झाले. मला वाटायचं, आता हे घर माझं आहे. कागदावर नाही, पण माझं.

आणि मग तीन वर्षांपूर्वी कोलेस्निक आले.

वालेरी, तुम्ही त्या दिवशी कसे आलात ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. काळी गाडी, अर्ध्या रस्त्याएवढी. उराल पर्वतातल्या मियास गावचा माणूस, खिमा भरलेल्या, गोठवलेल्या पेल्मेनींचा कारखानदार. आमच्या अर्काडी ग्लेबोविचनी तुमचं बारसं त्याच संध्याकाळी केलं: ‘खिमासम्राट’. आम्ही सगळे पोट धरून हसलो. आणि त्याच आठवड्यात ज्याच्या-त्याच्या शीतपेटीत तुमच्याच पेल्मेनी होत्या, कारण स्वस्त होत्या आणि चांगल्याही.

झान्ना फाटकाशी उभी होती. तिने मला विचारलं, “मावशी, ते लेखक राहायचे ते हेच घर ना? आमच्याकडे घरात एकच पुस्तक होतं, यांचंच. आईने दूधकेंद्रावर रांगेत उभं राहून-राहून वाचलं होतं.”

मी म्हटलं, “घर विकाऊ नाही.”

मागून आग्निया म्हणाली, “आहे. या आत.”

करार असा झाला की घर कोलेस्निकांचं, पण खालच्या दोन खोल्या आणि व्हरांडा आग्नियाला मरेपर्यंत. मी चवताळले. वसाहतभर फिरून निषेधपत्रावर एकतीस सह्या गोळा केल्या. त्यातल्या सव्वीस सह्यांचे धनी आज इथे बसले आहेत, मी मोजलेत. ते पत्र घेऊन मी आग्नियाकडे गेले. तिने चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “सुंदर लिहिलंय. यातलं कोणी छप्पर शाकारायला येणार आहे का?”

“मी रोज लाकडं आणते, आग्निया.”

“आणतेस गं. लाकडं आणतेस. छप्पर नाही आणत.”

कोलेस्निकने छप्पर घातलं. आम्ही वाट बघत होतो तो सोनेरी नळ कधी लावतो, संगमरवरी सिंह कधी बसवतो याची. त्याने एक उंच हिरवं कुंपण घातलं, आणि आम्ही तेवढंच वर्षभर चघळलं. हसताय? मीही हसले होते.

पण मला खुपली ती झान्ना. दुकानात गल्ल्यावर बसून वाढलेली मुलगी, अडतीस वर्षांची, शाळा अर्धवट. आग्निया तिला वाचायला शिकवू लागली. अक्षरं नाही, वाचायला. एके दिवशी मी नेहमीप्रमाणे चारला गेले. बघते तर झान्ना वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, अनवाणी, आणि मोठ्याने वाचते आहे. चुकीच्या जागी थांबते, चुकीच्या जागी जोर देते, आणि आग्निया हसते आहे. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसते आहे! अठ्ठावन्न वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती तशी हसली नव्हती.

मला पाहून झान्ना उठली. म्हणाली, “या ना, तमारामावशी. बसा. चहा देऊ?”

मला! त्या घरात! चहा देऊ म्हणून ती मला विचारते!

मी म्हटलं, “मला काम आहे.” आणि परत फिरले. काम कसलं असणार होतं?

अध्यक्षमहाराज, तुम्ही मला चिठ्ठी पाठवलीत, ‘कृपया आवरतं घ्या.’ घेते. पण आता मधेच थांबले तर तुम्हालाच झोप लागायची नाही.

इग्नात तुमानोवांची एक लाकडी पेटी होती. तिच्यात त्यांची पत्रं आणि रोजनिशीच्या वह्या. ती पेटी वाचनालयाला द्यावी म्हणून मी आग्नियाच्या किती वर्षं मागे लागले होते. दरवेळी ती म्हणायची, “बघू.” गेल्या सप्टेंबरात मी झान्नाला ती पेटी आपल्या गाडीत ठेवताना पाहिलं. मी आग्नियाला विचारलं. ती म्हणाली, “कागदांना बुरशी लागलीय. झान्ना साफ करून देणार आहे.” तिच्यावर एवढा विश्वास! आणि मी, जिने त्या माणसाची साडेतीन हजार पानं टंकली, मला फक्त ‘बघू’!

डिसेंबरात एका वर्तमानपत्रात मजकूर आला, आठवतो ना? इग्नात तुमानोवांचा वारसा पेल्मेनीवाल्याच्या घशात, पत्रं परदेशी विकली जाणार, वृद्ध कन्येची फसवणूक. खाली नाव नव्हतं. ‘एक येल्निकीकर’ एवढंच होतं. तुम्ही सगळ्यांनी एकमेकांना फोन केलेत. ‘कोणीतरी बोललं एकदाचं,’ असं म्हणालात. अर्काडी ग्लेबोविच, तुम्हाला तर त्या लेखाची शैली फार आवडली होती. तुमच्याबद्दल काहींना संशयही होता आणि तुम्ही तो फारसा झटकला नाहीत.

तो मजकूर मी लिहिला होता.

नाही, बसा, बसून ऐका. झान्ना पेटी विकते आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, कसलाही पुरावा नव्हता. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी ते खरं म्हणून लिहिलं.

वार्ताहर आले, चौकशीला अधिकारी आले. हिरव्या कुंपणावर कोणीतरी घाण शब्द रंगवले. आणि आग्नियाने, तुमानोवांच्या मुलीने, झान्नाला व्हरांड्यात उभं करून विचारलं, “तू माझ्या वडिलांना किती किमतीला विकायला निघाली होतीस?” मी तिथेच होते. मी बाकावर बसले होते.

झान्ना गाडीतून पेटी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. उघडली. एक-एक पत्र टिपकागदाखाली दाबून सरळ केलेलं, बुरशी मऊ कुंचल्याने काढलेली, प्रत्येकाला पारदर्शक पाकीट, आणि पाकिटावर शाळकरी अक्षरात तारीख. चार महिने ती हे स्वतः करत होती. कागद दुरुस्त करणाऱ्या कुठल्या दुकानात दिली नाही, कारण ‘परक्या हातांत कशी द्यायची?’ पेटी ठेवून ती गेली. आठवड्यात कोलेस्निक मंडळी मियासला परत गेली आणि घर विकायला निघालं.

आता करारातल्या त्या दोन खोल्या. कोलेस्निकने निरोप पाठवला होता, ‘नवा मालक कोणीही असो, तुमच्या खोल्या तुमच्याच राहतील.’ पण आग्निया कोणाची मुलगी! म्हणाली, “मला त्याचे उपकार नकोत.” आणि तिने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. घर कोणी बँकवाल्या गृहस्थाने घेतलं. त्याला घर नको आहे, जमीन हवी आहे. मे महिन्यात पाडकाम सुरू होईल.

आणि माझं काय? मी जिंकले होते. मी आग्नियाला म्हटलं, “माझ्याकडे ये. माझ्या दोन खोल्या आहेत, एक तुझी.” ती हो म्हणाली. तुमानोवांची मुलगी भट्टीवाल्याच्या मुलीकडे राहायला येणार! मी खोलीला चुना दिला, नवा पडदा शिवला. रोज चारला तिच्याकडे जात होते. ती फाटकाकडे बघत बसायची. मी म्हणत होते, होईल सवय.

झान्ना गेल्याच्या बाराव्या दिवशी आग्नियाने माझा हात हातात घेतला. तिने तसं कधी केलं नव्हतं. म्हणाली, “शेवटी तूच उरलीस, तमारा. तू मला कधी फसवलं नाहीस.”

माणूस किती सहन करू शकतो? शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. हे मला पचलं नाही. मी तिथेच सांगून टाकलं, लेख मी लिहिला म्हणून. तिने कागदावर सही केली ती दहाव्या दिवशी. मी बोलले बाराव्या दिवशी. दोन दिवस आधी तोंड उघडलं असतं तर ते घर वाचलं असतं. हा हिशेब मी रोज करते, तुम्ही माझ्यासाठी करू नका.

आग्निया ओरडली नाही. उठली, पेटीतून एक वही काढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “तर मग तूही वाच,” म्हणाली.

त्यांचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. साल बासष्ट. जसं लिहिलं होतं तसं सांगते: ‘भट्टीवाल्याची मुलगी गोष्ट देऊन गेली. वाचून उठलो तेव्हा जेवण गार झालं होतं. हिला येतं. आग्नियाला येत नाही. मला पूर्वी यायचं. काही बोललो नाही. बोललो तर माझी पानं कोण टंकणार?’

मी दोनदा वाचलं. मग आग्नियाला विचारलं, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“एकाहत्तरपासून. बाबा गेले त्या आठवड्यापासून.”

“पस्तीस वर्षं?”

“पस्तीस वर्षं. तुला पेटी का देत नव्हते, आता कळलं? झान्नाला हे पान सापडलं तेव्हा ती म्हणाली, ‘मावशीला दाखवा.’ मी तिला गप्प केलं.” मग म्हणाली, “मला एवढंच वाटायचं गं, की बाबांनी माझ्याबद्दल असं एकदा तरी लिहायला हवं होतं. जेवण गार होऊ द्यायला हवं होतं.”

मी जन्मभर जिचा हेवा केला, ती जन्मभर माझा हेवा करत होती. आणि ज्यांच्यासाठी आम्ही हे केलं, ते म्हातारे स्वतः एका पोरीच्या चाळीस पानांवर जळत होते! इथे व्यासपीठावर इतके समीक्षक आहेत, यावर कोणी प्रबंध लिहावा.

आता तुम्ही विचाराल, मग तमारा येफिमोव्ना, आता तरी लिहिणार का? मी ती वही वाचल्यावर चार दिवस टाइपरायटरसमोर बसले. एक ओळ सुचली नाही. कदाचित म्हातारे चुकले असतील. कदाचित बासष्ट सालीच काय ते होतं. मला माहीत नाही, आणि या वयात माहीत करून घ्यायची घाई उरली नाही.

वही दाखवली त्याच दिवशी आग्निया म्हणाली, “झान्नाला फोन लाव. तूच लाव.” मी लावला. सगळं सांगितलं. मग झान्ना म्हणाली, “मावशी, माझ्या नवऱ्याला बाजारात लोकांनी याहून वाईट म्हटलंय. पण कुंपणावरचं ते माझ्या सासूने वाचलं. ते मी विसरणार नाही.” आणि मग म्हणाली, “आग्नियामावशी जेवल्या का?”

तिसऱ्या दिवशी ते दोघं आले. वालेरीने बँकवाल्याला गाठलं, घर परत मागितलं, त्याने दिलं नाही. झान्नाने आग्नियाला विचारलं, “मियासला चलता का? घर साधंच आहे, पण तळं दिसतं, आणि मला अजून नीट वाचता येत नाही.” आग्नियाने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार होते? नव्या पडद्याबद्दल बोलणार होते? ती हो म्हणाली.

म्हणून ही पणती हलते आहे, अर्काडी ग्लेबोविच. काळ बदलला म्हणून नाही, पैसेवाले आले म्हणून नाही. माझ्या पोटात दुखलं म्हणून.

झान्ना, तुला उभी करत नाही, बैस. पण एवढ्या लोकांसमोर तुझी बदनामी झाली, तर एवढ्या लोकांसमोरच सांगायला हवं होतं, की तू एक कागदसुद्धा घेतला नाहीस. आणि खोटं कशाला बोलू? तू हिला घेऊन जाणार हे मला आजही सहन होत नाही. तू तिला वाचून दाखवशील, चुकशील, ती हसेल, आणि मी इथे वाचनालयात बसून तेच चित्र डोळ्यांसमोर आणीन. हा रोग जायचा नाही, फक्त आता मला त्याचं नाव माहीत आहे.

आग्निया, तू मघापासून खाली बघते आहेस. काय म्हणालीस? मोठ्याने म्हण, मला ऐकू कमी येतं. ‘शुद्धलेखन चांगलं आहे’ म्हणतेस? हसा, हसा सगळे. बरोबर त्यांच्यासारखंच म्हणाली.

समारोप करते. समितीने हे सभागृह तापवून ठेवलं, त्याबद्दल आभार. मागच्या टेबलावर जो फराळ वाफाळतो आहे तो कोलेस्निकांच्या कारखान्यातून आला आहे. ज्यांनी माझ्या निषेधपत्रावर सह्या केल्या होत्या त्यांनीही संकोच न करता खावा. अध्यक्षांनी एवढा वेळ मला सहन केलं, त्यांचे आभार. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही.

बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर उदार मनाने पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. पण माझ्या हातून झालं ते बोलण्याच्या ओघात झालं नाही. मी ते बसून, विचार करून, एकही चूक न करता टंकलं होतं. त्याची क्षमा मागते. आग्निया, झान्ना, वालेरी, तुम्ही ती आत्ता या लोकांसमोर द्यायलाच हवी असं नाही. तुमची गाडी उद्या सकाळी अकराला आहे. मी दहा वाजल्यापासून फलाटावर उभी असेन.